टॉप गिअर कुणी खाल्ला

माझ्या सासऱ्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स मी बिघडवला, हे आमच्या नात्यागोत्यात सतरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. पटलं नव्हतं ते फक्त मला. सासरे वकील होते. साक्ष, पुरावा, उलटतपासणी हे शब्द त्या घरात भाजीच्या भावासारखे जातायेता बोलले जात. माझ्या बाबतीत मात्र एकदाही सुनावणी झाली नाही. थेट निकाल लागला.

गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायती स्पोर्ट्‌स कार होती. रंग गडद हिरवा, बॉनेट लांबलचक, आणि बसलं की रस्ता ढुंगणाला लागतोय असं वाटावं इतकी बुटकी. सासऱ्यांनी ती तरुणपणी एका जहागीरदाराकडून घेतली होती. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराला पत्र्याचं गॅरेज होतं. रविवारी सकाळी ते उघडलं की गल्लीतली माणसं हातातलं काम ठेवून बघायला यायची.

मी परभणीकडच्या शेतकरी घरातला. हैदराबादला येऊन मोटारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो आणि आठ वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं. कुणाच्या शिफारशीनं नाही, तोंडाच्या जोरावर. भाव करताना मी समोरच्याला चहा पाजतो, पण पहिला आकडा कधीच मान्य करत नाही. राग लवकर येतो. तो गिळायची सवय मला नाही. अशा माणसाशी वकिलांच्या धाकट्या मुलीनं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा त्या घरात काय झालं असेल ते मी सांगायला नको. पहिल्याच दिवशी मी आमच्याकडच्या रीतीनं सासऱ्यांना ‘मामा’ म्हणालो. त्यांच्याकडे ‘काका’ म्हणायची पद्धत होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी बदललं नाही. ते मामा आणि सासूबाई मामी, ते शेवटपर्यंत.

गुन्हा घडला तो असा. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. दुपारी कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना. मामांना सडकून ताप होता. त्यांनी उशाखालची चावी काढून माझ्या हातात दिली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. या गाडीत गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नसतो, हे मला कळत होतं. असल्या गिअरचं सामान मी विकत होतो. पण शेजारी बायको कण्हत होती, फाटकापाशी गाडी जेमतेम हळू झाली होती, आणि मी दांडा पहिल्यात ढकलला. जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज झाला. मामा अंगावर रग घेऊन व्हरांड्यात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तासाभरात आमची मुलगी झाली. पण घरात आजही त्या दिवसाची गोष्ट निघाली की मुलीच्या रडण्याआधी तो आवाज निघतो.

पुढे काही महिन्यांनी गाडीचा टॉप गिअर निसटायला लागला. सरळ रस्त्यावर गाडी वेगात असायची आणि दांडा आपला आपण न्यूट्रलला येऊन पडायचा. एका सणाला पाहुण्यांसमोर मामा म्हणाले, “जावईबापूंनी गिअरबॉक्स खाल्ला.” सगळे हसले. पुढच्या सणाला परत म्हणाले. मग ती रीतच झाली. पानं वाढली की मीठ, लिंबू, चटणी आणि मग माझा गिअरबॉक्स. माझे थोरले साडू इंजिनिअर होते. ते आले की मामा चावी आपणहून त्यांच्यापुढे धरायचे. मला पुन्हा कधी दिली नाही. मी मागितलीही नाही.

मोटारीचं सामान विकणाऱ्याला गिअर टाकता येत नाही, ही गोष्ट माझ्या दुकानापर्यंत, नारायणगुड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका गिऱ्हाइकानं भावात घासाघीस करताना मलाच ऐकवलं, “शेठ, पहले ससुर की गाडी का हिसाब करो.” त्याला मी दुकानातून घालवलं. नंतर तीन रात्री झोप आली नाही.

त्या घरात माझी बाजू घेणारी एकच व्यक्ती, असं मला वाटायचं. मामांनी तो विषय काढला की मामी लगेच स्वयंपाकघरातून येत आणि माझ्या पानात एक पोळी जास्त वाढत. वर तुपाची धार, थांबा म्हटलं तरी न थांबणारी. बोलत काही नसत. मला वाटायचं, बाईला माझी दया येते. दया मला आवडत नाही, पण त्यांच्या हातची पोळी मी कधी परत केली नाही.

मामी गेल्या आणि गॅरेजला कुलूप लागलं. गाडी विटांवर चढली. दोन वर्षांनी मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. कोर्ट सुटलं, काठी आली. बोलणं तेवढं धारदार राहिलं.

तोवर बाहेर सगळं बदलत होतं. देशाचे दरवाजे उघडले असं रोज पेपरात यायचं. आबिड्सच्या सिग्नलला नाव न वाचता ओळखता येणार नाहीत अशा नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. पूर्वी विलायती बेअरिंग हवं तर बंदरावर कुणी ओळखीचं लागायचं, नाहीतर जुम्मेरात बाजारातल्या भंगारात दोन-दोन तास बसावं लागायचं. आता माझ्या दुकानात फॅक्सचं यंत्र होतं आणि इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या सामानाचा छापील कॅटलॉग होता.

अशात आषाढात मामांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तर ते व्हरांड्यात बसले होते, गॅरेजची किल्ली मांडीवर.

“दसऱ्याला सीमोल्लंघनाला गंडिपेटला जायचंय,” ते म्हणाले. “याच गाडीतनं. तुमच्याकडे सामान मिळतं म्हणतात.”

दर दसऱ्याला दुपारी मामा आणि मामी गाडी काढून शहराची हद्द ओलांडून गंडिपेटच्या तलावापर्यंत जाऊन यायचे. ते मला माहीत होतं.

“चालवणार कोण?” मी विचारलं.

“ते नंतर बघू.”

“आणि टॉप निसटतो, त्याचं?”

“ते तुम्हालाच माहीत,” मामा म्हणाले.

मी किल्ली घेऊन बाहेर पडलो तेव्हा माझे कान तापले होते. मी मनाशी ठरवलं, गिअरबॉक्स माझ्या डोळ्यांदेखत उघडायचा. आत जे असेल ते बाहेर काढायचं, आणि दसऱ्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर ठेवायचं.

नारायणगुड्याच्या मागच्या बाजूला एका चिंचेखाली एक म्हातारे उस्ताद गिअरबॉक्सचंच काम करायचे. त्यांचा एक नियम होता. घरचा माणूस समोर बसल्याशिवाय ते बॉक्स खोलत नसत. “बाद में बोलते, उस्ताद अच्छा पुर्जा निकाल लिया,” ते म्हणाले. “तुम बैठो. देखो. फिर मैं मेरा काम करतूं.” मी दुकान माझ्या भावावर सोपवून दोन दिवस त्यांच्या खाटेवर बसलो. चिंचेच्या फांदीला साखळी लावून इंजिन आणि गिअरबॉक्स एकदमच बाहेर काढले. मग उस्तादांनी जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि निघेल तो भाग, निघेल त्या क्रमानं तिच्यावर ठेवत गेले. मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नव्हतं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेलो नाही.

दुसऱ्या गिअरची पितळी रिंग गुळगुळीत झाली होती, ते अपेक्षितच होतं. दोन बेअरिंगं गेली होती. मग त्यांनी एक भाग हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. दोन बोटांचा, उलट्या यूसारखा, तळहाताएवढा लोखंडी फोर्क. दांडा हलवला की आतला गिअर सरकवतो तो हाच.

“ये कौन चलाते?” उस्तादांनी विचारलं.

“मेरे ससुर.”

“डंडे पे हाथ रख के चलाते क्या उनो?”

मी सरसावून बसलो. त्यांनी मला समजावून सांगितलं. हा फोर्क फिरत्या चकतीच्या खोबणीत बसतो. गिअर पडला आणि हात काढला की तो मोकळा राहतो, कुठं घासत नाही. पण हाताचं वजन दांड्यावर राहिलं, तर आत तो सारखा दाबला जातो आणि घासत राहतो. तिसऱ्या आणि टॉपच्या या फोर्कची एक बाजू विळ्याच्या पात्यासारखी पातळ झाली होती. पहिल्या-दुसऱ्याचा फोर्क शेजारीच होता, जवळजवळ कोरा.

मग त्यांनी पहिल्या गिअरचं चक्र माझ्यापुढे धरलं. एका दाताची कड टिचली होती, तांदळाच्या कणीएवढी.

“ये किसी ने जल्दी में मारा. एक दिन का काम है,” ते म्हणाले, आणि फोर्क उचलला. “और ये पंधरा-बीस बरस का.”

“फिर से बोलो उस्ताद.”

“क्या?”

“वोच, जो अभी बोले.”

त्यांनी परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. ते म्हणाले, “मियां, तुम गिअर बनाने आए कि गवाही लेने?”

उस्ताद त्याच फोर्कवर पितळ चढवून, कानशीनं घासून तो परत बसवायला तयार होते. फुकटात झाल्यासारखं काम झालं असतं. मी नक्को म्हटलं. मला तो झिजलेलाच शाबूत हवा होता. मी इंग्लंडला नवा फोर्क सांगितला. तिथल्या माणसाशी फॅक्सवर भाव करायचा मी प्रयत्न केला. त्यानं तीनदा तेच उत्तर पाठवलं की छापील किंमत हीच किंमत. चौथ्या फॅक्समध्ये मी त्याला लिहिलं की गाडीचा मालक म्हातारा आहे आणि त्याला दसऱ्याच्या आत एकदा फिरून यायचंय. सामान आलं, तेव्हा पेटीत गिअरबॉक्सच्या जोडांत बसणाऱ्या पॅकिंगचा पूर्ण संच त्यानं आपणहून टाकला होता. त्याचे पैसे लावले नव्हते. मी तो माझा विजय समजलो. माझी मुलगी मामांना नाना म्हणायची. ती म्हणाली, “डॅडी, उनो नानांसाठी दिला, तुमच्यासाठी नै.”

गाडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तयार झाली. चावी देताना उस्ताद म्हणाले, “हाथ नक्को रखो बोलना उनको.”

दसऱ्याला दुपारी बॉनेटवर झेंडूचा हार पडला, चाकाखाली लिंबं गेली. थोरले साडू आले होते. चावी आपल्याकडे येणार म्हणून ते पुढे झाले. मामांनी काठी टेकली, गाडीला वळसा घातला आणि डाव्या बाजूच्या सीटवर बसले. मामींच्या जागेवर. “चला जावईबापू,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. तो जुना फोर्क पेपरात गुंडाळून माझ्या शर्टाच्या खिशात होता. रात्रीच्या पंगतीसाठी.

नारायणगुड्याच्या चौकापर्यंत मी दोनदा गिअर बदलला, आणि दोन्ही वेळा मामा सीटवर चुळबुळले. तिसऱ्यांदा त्यांचा उजवा हात, जो चांगला होता, तो दांड्यावर आला.

“तुम्ही क्लच दाबा. गिअर मी टाकतो.”

“मामा, रस्ता भरलाय.”

“दाबा म्हणतो ना.”

मी दाबला. त्यांनी दांडा दुसऱ्यातून तिसऱ्यात नेला. आवाज झाला नाही. तो गेलेला फक्त माझ्या पायाला कळला. मग आम्ही तसेच गेलो, आबिड्स, नामपल्ली, मेहदीपट्टण. मी क्लच दाबायचो, ते गिअर टाकायचे. सुरुवातीला “दाबा”, “सोडा” म्हणायचे. नंतर म्हणायची गरज राहिली नाही. एका सिग्नलला रिक्षावाल्यानं आमच्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, “एक गाडी, दो ड्रायवर. पेट्रोल कौन पीता?” मामा हसले. त्यांना हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं.

लंगरहौज सुटलं. रस्ता मोकळा झाला. मामांनी टॉप टाकला. तो पडला आणि बसला. मी एक मैल वाट बघितली. निसटला नाही. पण मामांचा हात दांड्यावरून हलला नव्हता. सगळं वजन टाकून तो तिथं ठेवलेला होता, जसा आपण देवळात खांबाला हात लावून उभे राहतो तसा.

सतरा वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो इतक्या लवकर आणि एकांतात येईल असं वाटलं नव्हतं. माझ्यानं रात्रीपर्यंत थांबवेना. मी गाडी बाजूला घेतली, खिशातून पुडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“तुमचा मुद्देमाल,” मी म्हणालो. “टॉपचा फोर्क. हात ठेवून ठेवून झिजलाय. उस्तादांनी सांगितलंय. मी खाल्ला तो एक दात, एवढासा. हे माझं नाही.”

मामांनी पेपर सोडवला. फोर्क उचलला आणि अंगठा त्या पातळ बाजूवरून फिरवला, एकदा, परत एकदा. मी उलटतपासणीच्या तयारीत होतो.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“काय ठाऊक आहे?”

“हे. तेव्हाच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, हात ठेवू नका. मी बरं म्हटलं.”

“मग ठेवलात का?”

त्यांनी फोर्क मांडीवर ठेवला. मग आवाज न बदलता, कोर्टात जबाब वाचून दाखवावा तसं सांगायला लागले. “आमच्या घरात माझी आई होती, दोन काकू होत्या. त्यांच्यासमोर आम्ही दोघं एका बाकावर बसत नव्हतो. गावात फिरायला गेलो तरी ही चार पावलं मागं. या गाडीत मात्र तिला शेजारीच बसावं लागायचं, दुसरी जागाच नाही. लंगरहौज सुटलं की टॉप पडायचा. मग तलावापर्यंत हाताला काम नाही. माझा हात दांड्यावर असायचा, आणि तिचा त्याच्यावर. वरून पदर. समोरून कुणी आलं तर दिसायचं काय, तर माणूस गिअर धरून बसलाय.”

मी इंजिन बंद केलं.

“आई गेली, काकू गेल्या. सवय राहिली.”

“आणि माझं नाव?”

“माझ्या भावाला फिरवून आणताना निसटला पहिल्यांदा. घरी परतल्यावर तो म्हणाला, काय रे झालं याला? ही दारात उभी होती, तोंड लाल. काहीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही नुकताच तो आवाज करून ठेवला होता. तुमचं नाव घेतलं. ती आत जाऊन हसली. इतकी हसली की भाऊ विचारायला लागला, वहिनींना काय झालं? मग पुढच्या सणाला मी परत घेतलं.”

“आणि ती पोळी?”

“तो दंड. तिनंच लावलेला. म्हणायची, बिचाऱ्याचं नाव घेताय, निदान तूप तरी वाढू द्या.”

आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. त्या वेळी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग होताच. सतरा वर्षांचा राग एका गोष्टीनं जात नाही. मी म्हणालो, “मामा, आज रात्री सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या साडूंसमोर. माझ्या मुलीसमोर.”

“काय सांगू?”

“गिअर मी खाल्ला नाही म्हणून.”

“मग विचारतील, कुणी खाल्ला.” त्यांनी फोर्क पेपरात परत गुंडाळला. वाकड्या डाव्या हाताला पुडी धरता येईना, म्हणून गुडघ्यावर ठेवून एकाच हातानं गुंडाळली. “तिचा हात सांगू का सगळ्यांना? तुम्ही सांगा, जावईबापू. दुसरं काहीही मागा.”

समोरच्यानं ‘दुसरं काहीही मागा’ म्हटलं की सौदा माझ्या खिशात असतो. मी त्यावर कितीतरी सौदे केले आहेत. त्या दिवशी मी काही मागितलं नाही. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. “तुमच्याकडेच राहू दे. काय करायचं ते तुमच्यावर.”

आम्ही तलावापर्यंत गेलो. मामा गाडीतून उतरले नाहीत. सोनं म्हणून वाटायला काठावरच्या शमीची थोडी पानं मी तोडून आणली. परत येताना लंगरहौजच्या अलीकडे त्यांचा हात पुन्हा दांड्यावर होता.

“नवा फोर्क आहे, मामा,” मी म्हणालो.

“हो, ठाऊक आहे.”

हात काढला नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

घरी दिवे लागले होते. सोनं दिलं-घेतलं, पाया पडणं झालं, पंगत बसली. सकाळच्या पुरणपोळ्या पुन्हा गरम केल्या होत्या. थोरल्या साडूंनी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, “मग काय, निघालं काय आतून? उस्तादांनी उघडला तेव्हा तुम्ही होतात ना समोर?”

मामा खाली बघत पानातलं लिंबू पिळत होते. एका हातानं ते नीट पिळलं जात नव्हतं. माझ्या खिशात ती पुडी होती, आणि तिच्या वजनानं शर्ट एका बाजूला ओढला गेला होता.

“पहिल्या गिअरचा दात टिचला होता,” मी म्हणालो. “माझंच काम होतं. मी तिथंच चुकलो.”

“मी म्हणत नव्हते?” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. सगळे हसले. साडू तर ठसका लागेपर्यंत.

मामा हसले नाहीत. त्यांनी लिंबू बाजूला ठेवलं आणि वाढायला उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे मान वळवली.

“वडिलांना आणखी एक पोळी वाढ.”

“नाना, डॅडींचं दोन झालं. आणखीन नक्को बोलतील उनो.”

“वाढ,” मामा म्हणाले. “आणि तूप हात राखून घालू नकोस.”